मृगात मोकळी सोडलेली गाढवे कोणाची?

दारव्हा तालुक्यातील एका वाचकाच्या लांबलचक पत्राचा गोषवारा असा. वडिलांच्या मागे त्यांच्याकडे सात गाढवे आली. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर भाड्याने जातात आणि मृग लागून भट्टी बंद झाली की गावाच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी गायरानावर, मोकळी सोडली जातात. यंदा पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांपैकी तीन रात्री एका शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये शिरली. त्याने ती आपल्या कोठ्यात चार दिवस बांधून ठेवली आणि नुकसानीचे 15 हजार रुपये मागितले. 3 हजार घेऊन दोन सोडली, तिसरी गाढवी मात्र अजून त्याच्याच ताब्यात आहे. तिच्या मागच्या पायावर धारदार हत्याराचा घाव असून पाठीवर भट्टीवरची जुनी जखमही आहे. पोलीस ठाण्यात "गाढवाची कसली फिर्याद" असे म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. गाढवी परत मिळेल का, पैसे द्यावे लागतील का आणि तक्रार करता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तक्रारीचा प्रश्न आधी घेतो, कारण आपल्याला चुकीचे सांगितले गेले आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 प्रमाणे कोणत्याही प्राण्याला खोडसाळपणे ठार मारणे, विष देणे, त्याचे अवयव निकामी करणे किंवा त्याला निरुपयोगी करणे हा 5 वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे. जुन्या दंडसंहितेत प्राण्याची किंमत आणि जात पाहून दोन वेगळी कलमे होती. आता गाय, घोडा आणि गाढव एकाच ओळीत आले आहेत. हा अपराध दखलपात्र असल्यामुळे पोलिसांना तो नोंदवून घ्यावाच लागतो. ठाण्यात नकार मिळाल्यास तीच फिर्याद लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तेथेही काही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ही वाट फौजदारी कामकाजाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 आणि 175 मध्ये आखून दिलेली आहे. मात्र घाव कोणी घातला हे आपण पाहिलेले नाही, असे आपणच लिहिले आहे. म्हणून फिर्यादीत नाव ठोकून देऊ नका. गाढवी कोणत्या दिवसापासून कोणाच्या ताब्यात होती आणि घाव प्रथम केव्हा दिसला, एवढेच लिहा. शोध घेणे हे तपास अधिकाऱ्याचे काम आहे, आणि खोटे नाव गुंतले तर खरी तक्रारही त्याच्याबरोबर बुडते.

याशिवाय 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहेच. जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याची काळजी घ्यावी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत, असे त्याचे कलम 3 सांगते. म्हणजे कोठ्यात बांधून ठेवल्या क्षणापासून त्या गाढवीच्या चाऱ्यापाण्याचे उत्तरदायित्व त्या शेतकऱ्यावरही आले. पण या कायद्याखालील खटला घटनेपासून 3 महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. पोळा होऊन किती दिवस झाले ते मोजा आणि वेळ दवडू नका. या कायद्यात पहिल्या अपराधाला 10 ते 50 रुपये एवढाच दंड आहे. 1960 साली ठरवलेली ही रक्कम आजही तीच असावी, ही मला लाज वाटण्यासारखी गोष्ट वाटते.

आता त्या शेतकऱ्याची बाजू. शेंगा धरलेल्या सोयाबीनमध्ये तीन जनावरे रात्रभर फिरली, तर त्याचे नुकसान खरे आहे आणि त्याचा संताप मला समजतो. पिकात शिरलेले जनावर धरण्याचा हक्क त्याला आहे. गुरांच्या अतिक्रमणाबाबतच्या 1871 च्या कायद्यापासून चालत आलेला दंडक मात्र असा, की धरलेले जनावर 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे. त्या कायद्याच्या व्याख्येत गुरे या शब्दात घोडे, तट्टू, खेचर आणि गाढव यांचाही समावेश आहे. गावोगावी कोंडवाड्याचे काम आता ग्रामपंचायतीकडे आहे. आपल्या गावचा कोंडवाडा पडून गेला असला, तरी त्यामुळे कोणाला जनावर घरी अडकवून पैसे उकळण्याचा अधिकार मिळत नाही. नुकसान वसूल करायचे, तर ते आधी सिद्ध करावे लागते.

म्हणून माझा सल्ला असा, की 15 हजारही देऊ नका आणि एक पैसाही देणार नाही असेही म्हणू नका. तलाठी, कृषी सहायक आणि पोलीस पाटील यांच्यासमोर पिकाचा पंचनामा होऊ द्या, त्यात जी रक्कम निघेल तीतून दिलेले 3 हजार वजा करा आणि उरलेले पावती घेऊन द्या. गाढवी परत मागण्याचा लेखी अर्ज मात्र पंचनाम्याची वाट न पाहता आजच ग्रामपंचायतीला द्या आणि त्याची पोच घ्या. तिला उपचाराची तातडी आहे. घोडा आणि गाढव यांना धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि मातीने भरलेला पायाचा घाव त्याला पुरेसा ठरतो. 1962 या क्रमांकावर फोन केल्यास पशुवैद्यकीय पथक मागवता येते. पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून जखमेचे प्रमाणपत्र अवश्य घ्या, कारण पायाचा ताजा घाव आणि पाठीची जुनी जखम यांची वेगवेगळी नोंद त्यातच होईल आणि दोन्ही प्रकरणे त्याच कागदावर उभी राहतील.

पाठीच्या जखमेवरून मात्र मला आपल्याशी स्पष्ट बोलावे लागेल. ती भट्टीवाल्यामुळे झाली, असे आपण लिहिता. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने 1965 साली केलेल्या नियमांत गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त 50 किलो, तट्टाच्या 70 आणि खेचराच्या 200 किलो अशी मर्यादा आहे. अडीच-तीन किलोची वीट धरली तर गाढवावर 16 ते 20 विटा होतात. भट्टीवर प्रत्यक्षात किती लादतात ते आपण रोज पाहता. दिवसात एकूण 9 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा 37 अंशांच्या वर असेल तेव्हा दुपारी 12 ते 3 जनावराला जुंपण्यासच मनाई आहे. आपल्या विदर्भात मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत हा नियम जवळपास रोज लागू असतो आणि भट्टीचा जोरही नेमका त्याच महिन्यांत असतो. पण 1960 च्या कायद्याच्या कलम 11 च्या पोटकलम 2 प्रमाणे क्रूरता टाळण्यासाठी वाजवी देखरेख न ठेवणारा मालकही दोषी धरला जातो. भाडे दर आठवड्याला आपण घेत होता, तेव्हा पाठ पाहण्याची संधीही दर आठवड्याला आपल्याजवळ होती. पुढचा करार लेखी करा. वजन, कामाचे तास, दुपारची सुटी, पाणी आणि उपचाराचा खर्च कोणी करायचा, या गोष्टी त्यात स्पष्ट लिहून घ्या.

मोकळे सोडण्याच्या रिवाजाबद्दलही तेच. वाजवी कारण नसताना, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा त्याच कलम 11 प्रमाणे अपराध आहे. पावसाळ्यात ई-क्लासवर गवत असते, असा बचाव सशक्त जनावराबाबत कदाचित टिकेल. पाठ सोललेल्या गाढवीबाबत तो टिकणार नाही, आणि ही गोष्ट विरुद्ध पक्षाचा वकील पहिल्याच तारखेला मांडेल. कायद्यात मालकी बाराही महिन्यांची असते. भट्टीच्या सात महिन्यांत गाढव आपले आणि पावसाळ्यात ते देवाचे, अशी वाटणी करता येत नाही.

हा भार आपल्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यावर एकट्याने पडावा, असे मला वाटत नाही. 2019 च्या पशुगणनेत देशातील गाढवे 1 लाख 20 हजारांच्या आसपास भरली आणि 2012 च्या तुलनेत ही घट 61 टक्क्यांहून अधिक होती. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पैदाशीच्या उद्योगाला भांडवली अनुदान देऊ केले. नवी पैदास वाढावी हे चांगलेच, पण आज भट्टीवर राबणाऱ्या जनावराला पावसाळ्यात निवारा, आखराजवळ, म्हणजे गुरे जमतात त्या जागेजवळ, हौद आणि वर्षातून एकदा तपासणी मिळाली पाहिजे. कोंडवाडा दुरुस्त करणे आणि ई-क्लासचा एक भाग कुंपण घालून अशा जनावरांसाठी राखणे हे विषय ग्रामसभेत मांडता येतात. आपण आणि तो शेतकरी मिळून हा अर्ज दिलात, तर नाकारणे कठीण जाईल, कारण धुऱ्यावरचे कुंपण दोघांनाही हवे आहे. क्रूरतेच्या तक्रारींसाठी 2001 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असणे बंधनकारक आहे. अर्जाची एक प्रत तिच्या नावे जिल्हाधिकारी कार्यालयात द्या.

सातही गाढवांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, खुणा आणि अंदाजे वय लिहून त्यावर पोलीस पाटलांची सही घ्या, कारण वडिलांच्या पश्चात मालकीचा दुसरा कागद आपल्याजवळ नाही. आणि गाढवी परत आली, तरी जखमा भरल्याचे पशुवैद्यकाने लिहून देईपर्यंत तिच्या पाठीवर खोगीर ठेवू नका. जखमी जनावराला कामाला लावणे हाही कलम 11 खालचाच अपराध आहे, आणि दिवाळीनंतर भट्टीवाला सातच्या सात मागेल तेव्हा त्याला सहाच द्यावी लागतील.