सेन्सर नवा, तरी गळती चालूच

प्रश्न : माझी डिझेल हॅचबॅक 2013 ची आहे. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाउसिंगमध्ये क्लिपने अडकवलेल्या टेंपरेचर सेन्सरच्या बुडाशी कूलंट झिरपतं. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, वरून सिलिकॉन थापलं, तरी ओल आहेच. आता तो म्हणतो, अख्खं हाउसिंग बदला. टेंपरेचरचा काटा तर कधी वर गेलेला नाही. मग हा खर्च खरंच करायचा का? दर आठवड्याला पुण्याला जाणं-येणं असतं. — एक वाचक, वाई

उत्तर : खर्चाचं नंतर बोलू. ‘काटा कधी वर गेलेला नाही’ या वाक्याने मला जास्त काळजी वाटली. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच काटा खरं सांगतो. पातळी उतरून सेन्सरभोवती हवा राहिली, की खंबाटकीच्या चढावर इंजिन उकळत असतं आणि काटा मध्यावरच उभा असतो. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) जातं ते असंच. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत निघण्याआधी, इंजिन गार असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी बघितल्याशिवाय गाडी काढू नका.

आता गळतीकडे. क्लिपच्या सेन्सरमध्ये पाणी अडवते ती त्याच्यावरची ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कडी. सेन्सर नवा आणि रिंग जुनीच, असं गॅरेजमध्ये सर्रास चालतं. आधी तेच विचारा. बाहेरून थापलेलं सिलिकॉन टिकत नाही. गरम इंजिनात आत साधारण 1 बार दाब असतो, तो ओल्या प्लास्टिकवरचा थर उचलून टाकतो.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच टाकीचं झाकण उघडायचं, थोडं कूलंट काढायचं, क्लिप ओढून सेन्सर सरळ बाहेर घ्यायचा. जुनी रिंग चपटी आणि टणक झालेली दिसेल. ती जिथे बसते तिथे वाळलेल्या कूलंटचे पांढरट पापुद्रे धरलेले असतात. ते ओल्या फडक्याने काढा. स्क्रू-ड्रायव्हर आत घालायचा नाही, एक चरा पडला तरी नवी रिंग गळणार. मग बॅटरीच्या उजेडात क्लिपच्या खाचेपासून निघालेली केसाएवढी चीर आहे का ते बघा, रिंगच्या बैठकीवरून नख फिरवा. चीर दिसली किंवा नख अडकलं, तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, हाउसिंग बदला. नाहीतर कूलंटसाठीची, त्याच मापाची रिंग पुरेशी आहे. बसवताना ती कूलंटनेच ओली करा. ग्रीस किंवा ऑइल लावू नका, त्याने हे रबर फुगतं.

(आट्यांच्या सेन्सरचं वेगळं: तिथे तांब्याचा वायसर नवा घालायचा आणि जोर लावायचा नाही, अॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात. एकाच वायरचा सेन्सर असेल तर टेफ्लॉन टेपही नको. त्याला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं.)

सेन्सरच्या वायरचा प्लग काढून आतल्या पिनाही बघा. कूलंट आत शिरलं असेल तर रीडिंग चुकतं, फॅन उगाच चालू राहतो.

भरताना आधीच्याच प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवून आत अडकलेली एअर काढा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनात पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असतेच. गॅरेजमध्ये प्रेशर पंप असेल तर झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरून दहा मिनिटं ठेवायला सांगा. पंपाचा काटा जागचा हलता कामा नये. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.