हरलेल्या डावाचं नाव ओपनिंगला कसं?

प्रश्न : क्लबच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी पांढऱ्याकडून रुय लोपेझ (सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची एक पद्धत, म्हणजे ओपनिंग) खेळत होतो, समोरच्याने आठव्या चालीला डी५ (पटावरचं घर : अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा) करून ई५ चं प्यादं सरळ सोडून दिलं, मी घेतलं आणि थोड्याच चालीत माझ्या राजाची वाट लागली. याला मार्शल अटॅक म्हणतात असं कळलं, पण अमेरिकन खेळाडू मार्शल स्वतः तर यात हरला होता ना? मग नाव त्याचं का, आणि प्यादं घ्यायचं की नाही? – एक वाचक, सांगली

उत्तर : हो, हरलाच होता. न्यूयॉर्क, २३ ऑक्टोबर १९१८, पांढऱ्याकडून पुढे जगज्जेता झालेला कापाब्लांका. मार्शलने ही चाल त्याच्यासाठी कित्येक वर्षं लपवून ठेवली होती असं सांगतात, ते किस्सा म्हणूनच घ्या. कापाब्लांकाला घरची तयारी समोर दिसत होती तरी त्याने प्यादं घेतलंच, आणि मग जो बचाव केला ना, तो पटावर एकदा मांडून बघाच! पंधराव्या चालीला मार्शलचा घोडा एफ२ वर घुसला, तो वजिराने मारायचा मोह सोडून कापाब्लांकाने हत्ती ई२ वर नेला, मग त्याचा राजाच एफ१, ई२, डी३ करत सी२ ला चालत गेला आणि ३६ व्या चालीला उंटाने एफ७ चं प्यादं शह देऊन मारलं, डाव संपला.

पण कल्पना खोटी नव्हती. प्यादं खाताना पांढऱ्याचा वजिराच्या बाजूचा घोडा, उंट, हत्ती सगळे घरातच बसलेले असतात, राजाजवळ कोणी नाही. मार्शलचं चुकलं अकराव्या चालीला, त्याने डी५ वरचा घोडा एफ६ ला मागे घेतला आणि बी३ च्या उंटाचा रस्ता मोकळा झाला, शेवटचा घावही त्याच रस्त्याने आला बघा. नंतर अकरावी चाल सी६ सापडली, घोडा मध्यातच घट्ट राहतो आणि हल्ला खरा होतो. १९६५ ला कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) फायनलमध्ये स्पास्कीने तालसारख्या माजी जगज्जेत्यासमोर हेच काढलं होतं, म्हणून नाव टिकलं.

तुम्ही प्यादं घ्या, पण सी६ नंतरच्या चाली पाठ असतील तरच. नाहीतर आठव्या चालीला नेहमीच्या सी३ ऐवजी ए४ किंवा एच३ खेळा, १९९३ मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत शॉर्टविरुद्ध पहिल्याच डावात कास्पारोव्हनेही ए४ च केलं होतं.