पहिल्यांदाच घरी नाताळचं झाड लावतोय. खरं घ्यावं की प्लास्टिकचं, आणि सजवावं कसं?

तुम्ही लिहिलंय की मुलीचा हट्ट आहे, इंदूरमध्येच फ्लॅट आहे आणि घरात याआधी कुणी हे केलेलं नाही. मीही इंदूरचाच, मराठी ख्रिस्ती घरातला. आमच्याकडे करंज्या-चकल्या तळायला घेतल्या की झाड सजवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे असतं, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

बाल्कनी असेल तर जिवंत झाडच घ्या. नर्सरीत ‘क्रिसमस ट्री’ मागितलं की अरोकेरिया देतात. युरोपात सजवतात ती फर आणि स्प्रूसची झाडं थंड मुलखातली, माळव्याच्या उन्हाळ्यात तग धरणार नाहीत. अरोकेरिया मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन चुकवलं तर आपल्याकडे कुंडीत वर्षानुवर्षं राहतो. घेताना आधी शेंडा पाहा. तो एकच, सरळ आणि शाबूत हवा. एकदा मोडला की झाड सहसा पुन्हा तसा सरळ वाढत नाही. खालच्या फांद्याही तपासा, कारण गळलेल्या फांदीच्या जागी नवी येत नाही.

आणि म्हणूनच चांदणी शेंड्याला बांधायची नाही! कुंडीत मागच्या बाजूने बांबूची बारीक काठी रोवा, शेंड्याच्या थोडी वर येऊ द्या आणि चांदणी त्या काठीला बांधा. समोरून काठी दिसतही नाही.

सजावटीत पहिल्यांदा लाइटची माळ, बाकी सगळं नंतर. दिवाळीच्या माळा घरात असतीलच, त्या चालतील, फक्त एलईडी हव्यात; जुन्या बल्बच्या माळा तापतात आणि पानं करपतात. नवी घ्यायची तर महाराणी रोडवर भरपूर मिळतात. आधी जमिनीवर पसरून लावून बघा. मग प्लगच्या बाजूचं टोक खाली ठेवून बुंध्यापासून सुरुवात करा, फांदीवरून बाहेर जा, परत बुंध्याशी या, मग वरची फांदी. नुसती बाहेरून गुंडाळली तर झाड आवळल्यासारखं दिसतं आणि आत अंधार राहतो. उजेड आतून आला पाहिजे, सगळी शोभा त्यातच आहे.

मोठे चकचकीत गोळे बुंध्याजवळ, फांदीच्या जाड भागावर टांगा. आतला उजेड त्यांच्यावर पडून बाहेर फेकला जातो. टोकांना फक्त हलकं सामान: कागदी फुलं, गोट्याच्या पट्टीची फुलपाखरं, मुलीने रंगवलेले पुठ्ठ्याचे तारे. अरोकेरियाच्या फांद्या मऊ असतात, वजनाने लगेच वाकतात. या झाडाच्या फांद्या मजल्यामजल्याने येतात आणि मधे मोकळी जागा राहते. ती भरून काढायच्या नादी लागू नका, लोंबते तारे तिथेच छान दिसतात.

कापसाचा बर्फ आणि स्प्रे मात्र टाळा. स्प्रेने पानं झाकली जातात आणि कापूस चटकन पेट घेतो, शेजारी मेणबत्ती असली की धोकाच. शिवाय ज्या बेथलेहेमात येशूचा जन्म झाला, तिथेही बर्फ क्वचितच पडतो.

बाल्कनी नसेल तर प्लास्टिकचं झाड घ्यायला हरकत नाही. चार फुटी पुरे. फक्त त्याची एकेक फांदी आणि तिची एकेक काडी उलगडायला निवांत तासभर द्या. दुकानातलं झाड भरगच्च का दिसतं आणि घरी आणलेलं केविलवाणं का, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

झाडाखाली गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा छोटा देखावा, मांडा, हे मी आग्रहाने सांगेन. आपलं लाल चर्च ज्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचं आहे, त्यांनीच १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल आणि गाढव उभं करून गोठ्याचा देखावा मांडला होता. तुमच्याकडे गौरी-गणपतीची आरास होत असेल तर मुलीला हे काम फार आवडेल. बाळ येशूची मूर्ती मात्र चोवीसच्या रात्रीच ठेवा, तोवर गव्हाणी रिकामी. मुलं त्या क्षणासाठी जागी राहतात.

झाड डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आत आणा आणि खिडकीजवळ ठेवा. वरची माती कोरडी झाली की पाणी घाला, ताटलीत साचू देऊ नका. आमच्याकडे सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत, सजावट राहते. सव्वीसला लगेच उतरवू नका, शेजारपाजारची मुलं बघायला येतातच. नंतर कुंडी बाल्कनीत एकदम उन्हात ठेवू नका, आधी आठवडाभर सावलीत. मुळं कुंडीच्या भोकातून डोकावायला लागली असतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीला जरा मोठ्या कुंडीत हलवा.