युरोपात बिझनेसचे पैसे भरून इकॉनॉमीचीच खुर्ची का मिळते?

संभाजीनगर-मुंबई-फ्रँकफर्ट-रोम प्रवासात बिझनेसचे पैसे भरूनही शेवटच्या टप्प्यावर, फ्रँकफर्ट-रोमला, इकॉनॉमीसारखीच खुर्ची मिळाली; फसवलं का, असं एका प्रवाशानं विचारलंय. नाही फसवलं. लुफ्थान्सा, एअर फ्रान्स, ब्रिटिश एअरवेज, तिघांच्याही छोट्या विमानांत बिझनेस म्हणजे तीच तीन-तीनची रांग, फक्त मधली खुर्ची रिकामी. दोन रांगांमधलं अंतर साधारण ३० इंच. खरी गोम बिझनेस आणि इकॉनॉमीमधल्या पडद्यात आहे, तो सरकतो. सकाळच्या फेरीला बिझनेसची तिकिटं जास्त गेली तर पडदा दोन-चार रांगा मागं, दुपारी पुन्हा पुढं. रुंद खुर्च्या पक्क्या ठोकल्या तर ही सोय जाते, आणि तिकिटं न खपल्यास जागा वाया.

आपली सवय बिघडवली ती एअर इंडियाच्या ए३२० निओनं: पुढं ८ खुर्च्या, दोन-दोनच्या, रांगांमधलं अंतर ४० इंच. इंडिगोच्या स्ट्रेच या बिझनेस वर्गात ३८. अमेरिकेतही खुर्ची ऐसपैस, पण देशांतर्गत फर्स्टच्या (तिथला पुढचा, महागडा वर्ग) नुसत्या तिकिटावर लाउंज सहसा नाही. युरोपात उलटं: लाउंज, जेवण, ३२ किलोच्या दोन बॅगा, खुर्ची मात्र तीच. नुसते पाय लांब करायचे असतील तर तिथं इकॉनॉमीत आपत्कालीन दाराची रांग घ्या, बिझनेसपेक्षा जास्त जागा मिळते. बिझनेसमध्ये पहिली रांग टाळा. समोर भिंत असते आणि हातातली बॅग वर टाकावी लागते.

वंदे भारतच्या एक्झिक्युटिव्हमध्ये याहून मोठी खुर्ची मिळते, हा टोमणा आपल्याकडं ठरलेला. खरंच आहे ते. पण ती गाडी तुमच्या ६४ किलोच्या बॅगा पुढच्या विमानात चढवत नाही. बिझनेस म्हणजे खुर्ची, हा हट्टच चुकीचा.

खरा घोळ होतो तो घरच्याच टप्प्यावर. संभाजीनगर-मुंबई वेगळ्या तिकिटावर इकॉनॉमीत काढलं की तिथं १५ किलोच चालतात; उरलेल्याचे पैसे किलोमागं भरा. म्हणून सगळं एकाच तिकिटावर घ्या आणि तिकिटावर प्रत्येक टप्प्यापुढचं वर्गाचं इंग्रजी अक्षर बघा. जे, सी, डी असेल तर बिझनेस, वाय असेल तर तेवढा टप्पा इकॉनॉमीचा, तिकिटाच्या मथळ्यात काहीही छापलेलं असो.

हां, मुंबई-फ्रँकफर्ट बिझनेसचंच असेल तर रोमचा टप्पा बहुतेकदा त्याच भाड्यात येतो, वेगळं काही भरलेलं नसतं. आणि तुर्किश एअरलाइन्सच्या काही छोट्या विमानांत खरोखरच दोन-दोनच्या रुंद खुर्च्या आहेत. पण बुकिंगआधी आसनांचा नकाशा उघडून बघा, ऐनवेळी विमान बदललं की तेही हातचं जातं.