मुलांचा लठ्ठपणा रोखायला म्हापसा पालिकेला अनुदान मिळेल का, आणि अर्ज कुठे करायचा?

मिळू शकेल, आणि पहिला अर्ज मी सरकारकडे नाही तर थिवी-पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी) करीन. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे, वर्षाला 5 कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यात प्रतिबंधात्मक आरोग्य येतं, शिवाय कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या असं कायदाच म्हणतो. फक्त वेफर्स-शीतपेयवाल्यांचे पैसे या कामाला घेऊ नका, पुढे त्यांचाच फलक मैदानावर लागतो.

प्रस्तावात ‘जनजागृती’ कमी आणि मोजता येईल असं जास्त हवं:
- शाळांत वर्षातून दोनदा उंची-वजन. आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) तपासणी पथक येतंच, त्याच्याशी सांगड घाला.
- मैदान, पदपथ, संध्याकाळी दिवे.
- शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकायला एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020 च्या नियमांनी बंदी आहे, ती पाळली जाते का याची पाहणी. भजी-पावाच्या गाड्यांशी आधी बोला, थेट गाडे उचलू नका.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे पैसे मात्र पालिकेला परस्पर मागता येत नाहीत. ते राज्याच्या वार्षिक आराखड्यातून येतात, म्हणून आरोग्य संचालनालयाला तो आराखडा बनण्याआधीच गाठावं लागेल.