जुळणीत जागा कुठे सोडायची

इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मराठी परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ हवा असेल, तर जस्टिफिकेशनच्या चौकटीत अक्षरांमधलं अंतर किमान, इष्ट आणि कमाल या तिन्ही रकान्यांत शून्यच ठेव. कमी-जास्त व्हायचं ते शब्दांमधलं. शिशाच्या खिळ्यांच्या काळातही जुळारी (खिळे जुळवणारे) ओळ भरायचे ती शब्दांमधले स्पेस बदलूनच. अक्षरांत फट पडली की शिरोरेषा तुटते. ट्रॅकिंग, म्हणजे निवडलेल्या मजकुरातल्या अक्षरांमधलं अंतर, वाढवलंस तर पडद्यावरही तेच होतं.

ओळींमधल्या अंतरात मात्र कंजुषी नको. तिथे पूर्वी शिशाच्या पट्ट्या घालायचे. इनडिझाइन आपोआप देतं ते, म्हणजे ऑटोचं, अक्षराच्या आकाराच्या 120 टक्के अंतर रोमन लिपीला पुरतं, आपल्या वेलांट्या-उकारांना नाही. मी 12 पॉइंटच्या अक्षराला 17-18 पॉइंट देतो. वरच्या ओळीतला 'ट्रू' खालच्या 'र्मी'च्या रफाराला टेकतोय का, ते कागदावर छापूनच बघ. फाँट बदललास की पुन्हा तपास.