सागाचे उरलेले तुकडे आणि तडकलेले पोळपाट

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेत लिपिक आहे. शेजारच्या फर्निचरच्या कारखान्यातून सागाचे फूट-दीड फुटाचे तुकडे जवळजवळ फुकट मिळतात. त्यांचे मोबाइल स्टँड केले, ते पडून आहेत. गेल्या श्रावणात केलेले चार पोळपाट १८० रुपयांना लगेच गेले, पण त्यांतील दोन वैशाखात तडकून परत आले. माझे कुठे चुकले?
– एक वाचक

उत्तर : स्टँड पडून राहिले आणि पोळपाट गेले, हा गिऱ्हाइकाचा कौल आपल्याला मिळालेलाच आहे, तेव्हा आधी तडकण्याचे पाहू. लाकूड पावसाळ्यात ओलावा शोषून रुंदीत फुगते आणि आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की आक्रसते. लांबीत मात्र ते जवळजवळ हलत नाही. त्यामुळे पोळपाटाखालच्या आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून पक्क्या केल्या की फळीला आक्रसायला वाव उरत नाही आणि ती तंतूंच्या दिशेने चिरते. श्रावणात केलेला माल वैशाखात तडकला, तो यामुळेच. पट्टी मधोमध एकाच स्क्रूने घट्ट करावी आणि टोकांकडची भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट ठेवावीत.

पोळपाटाला पॉलिश नको. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, उलट खवट होते. कच्चे जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, म्हणून त्याचे पातळ हात काही दिवसांच्या अंतराने द्यावेत. तेलाचा बोळा चुरगळून भुशात टाकू नये, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. तो उघड्यावर पसरून वाळवावा.

आता भावाकडे येऊ. लाकूड फुकट आहे म्हणून भाव कमी, हा हिशेब सोडून द्यावा. समजा, एका पोळपाटाला दोन तास लागले, तासाचे १०० रुपये धरले आणि काचकागद, तेल, वीज यांचे ४० रुपये मिळवले, तर खर्चच २४० रुपये होतो. म्हणजे १८० रुपयांना विकताना आपण गिऱ्हाइकाला वर ६० रुपये दक्षिणा देत होता. एकेक नग करण्याऐवजी दहा नगांचे तुकडे एकाच मापाने कापून घेतले, तर हे दोन तास बरेच खाली येतील. कानबाईसाठी, म्हणजे खानदेशात श्रावणात बसवल्या जाणाऱ्या देवीसाठी, चौरंग करावयाचे असतील, तर ते आषाढातच तयार हवेत, कारण नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना झाली की त्यांना कोणी विचारत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याची पाटी मात्र तुकडे जोडून कधीही करू नये. तिच्यावर माणूस बसतो.

तुकडे संपल्यावर कोणी सातपुड्यातील साग कागदपत्रांवाचून स्वस्तात देऊ केला, तर घेऊ नये. वखारीची पावती जपून ठेवावी. १९६४च्या वृक्षतोड कायद्यानुसार स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही परवानगी लागते.

परत आलेल्या दोन पोळपाटांच्या पट्ट्या काढा, तडा पूर्ण उघडून कडा रंध्याने सरळ करा, पाण्याला टिकणाऱ्या चिकटाने पुन्हा सांधा आणि लांबट भोकांच्या पट्ट्या लावून ते त्याच घरी पोहोचते करा. व्यास थोडा कमी होईल, एवढे त्यांना आधी सांगावे.